पाखरांची डोण

माळावरच्या खैरगावात धोंडीशेठ नावाचे एक व्यापारी राहत होते. त्यांच्या अंगणात लिंबाखाली पाखरांसाठी एक दगडी डोण होती. शेठ रोज सकाळी डोणीत पाणी ओतत आणि शेजारच्या फरशीवर ज्वारी टाकत. वीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. होले, पारवे, चिमण्या थव्याने उतरत. येणारेजाणारे थांबून बघत आणि म्हणत, "शेठ मोठे पुण्यवान." ते कानावर पडावे म्हणून शेठ ओसरीवरच बसत.

एका हिवाळ्यात होले आजारी पडू लागले. पिसे फुगवून ते डोणीच्या काठावर बसून राहत. गळा सुजलेला, चोचीला चिकट लाळ. दाणा उचलत, पण गिळता येत नसे. आठवड्याभरात तीस होले मेले. शेठ एकेकाला लिंबाखाली पुरत आणि वर फूल ठेवत. बघणाऱ्यांना गहिवरून येई.

गावात तान्हूबाई कोंबड्या पाळायची. पाखरांचे आजार तिने पाहिले होते. तिने एका मेलेल्या होल्याची चोच उघडून आत बघितले आणि तडक शेठांकडे आली.

"शेठजी, हा गळ्याचा रोग आहे. आजारी पाखराची लाळ पाण्यात पडते, तेच पाणी बाकीची पितात. डोण उपसा, घासून उन्हात वाळू द्या. महिनाभर दाणापाणी बंद ठेवा. रानात पांगली तर वाचतील."

"माझ्या दारातून पाखरू उपाशी जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. पाखरं मरतायत."

"तू तुझ्या कोंबड्या सांभाळ, तान्हूबाई."

त्या दिवसापासून शेठांनी दाणे दुप्पट केले. त्या ओढीने लांबलांबचे थवेही येऊ लागले. सगळे त्याच डोणीत चोच बुडवत.

ओसरीच्या तुळईवर होल्याच्या एका मादीचे घरटे होते. त्यात दोन पिले होती. मादी डोणीवरून येई आणि आपल्या घशातला चारा पिलांच्या चोचीत घाली. शेठ कौतुकाने बघत. चार दिवसांनी पिलांचे गळे सुजले. मादीचाही सुजला होता, तरी ती भरवतच राहिली. एका दुपारी घरट्यातली चिवचिव थांबली. संध्याकाळी मादीही खाली पडली.

शेठांनी तिला ओंजळीत घेतले. आपणच पिलांना रोग भरवतो आहोत, हे तिला कळायला मार्ग नव्हता. शेठांना तर घरी येऊन सांगितले होते.

सकाळी त्यांनी डोण उपसली, घासली आणि कोरडी ठेवली. मग ते तान्हूबाईच्या दारी गेले.

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले.

"होय, शेठजी. तेव्हा तीस मेले होते."

तान्हूबाईने कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"चला. खड्डा खोल घ्यावा लागेल. कुत्र्यांनी उकरायला नको."

दोघांनी अंगणातली, कुंपणाकडेची, ओढ्यापर्यंतच्या वाटेवरची मेलेली पाखरे गोळा केली. दुपार टळली तरी पाट्या भरतच होत्या. माती लोटून झाली तेव्हा माळावर कुठेच होल्याचा घुमण्याचा आवाज नव्हता.

तात्पर्य: नावासाठी केलेली दया ज्याच्यावर करावी त्याच्याच जिवावर उठते. ज्याला खरी कळकळ आहे, त्याला वेळ आली की आपला देता हातही आवरता आला पाहिजे.