बारा अंगुळे पाऊस

रंभाजी सोमाजी दाभोळे, वय वर्षे त्रेसष्ट, हे फार पूर्वी नदीकाठच्या एका गावाचे मुखत्यार होते. पुराचा नगारा वाजवण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा. घाटमाथ्यावर एक मोजणीदार नेमलेला होता. तो सकाळ-संध्याकाळ मातीच्या भांड्यात साठलेला पाऊस मोजी, भांडे रिते करी आणि आकडा जासुदाकरवी खाली धाडी. घाटावरचे पाणी गावात पोहोचायला दोन दिवस लागत. म्हणून आकडा पंधरा अंगुळांवर गेला की नगारा वाजवून खालची आळी रिकामी करावी, असा नियम होता.

एका वर्षी दसरा उलटल्यावर समुद्रावरून आलेले वादळ घाटाला अडून बसले. गावात मात्र नुसती भुरभुर होती. जासुदाने सकाळी आकडा आणला, बारा. संध्याकाळी पुन्हा बारा. दुसऱ्या दिवशी सकाळीही बाराच!

रंभाजीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाऊस काय मापून पडतो? मोजणीदार घोंगडीत बसून आकडे सांगतो आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी त्याच्या बडतर्फीचा हुकूम लिहावयास घेतला.

इतक्यात खालच्या आळीतली कुंभारीण आली.

"आबा, भट्टी रचलीय. पाणी यायचं असेल तर मडकी वर हलवते."

"कसले पाणी? तो लबाड तीनदा बारा सांगतो!"

कुंभारीण हसली. "मग काय तेरा सांगेल? भांडंच बारा अंगुळांचं आहे. जुनं फुटलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, हलकं घडव, एका माणसाला उचलता यावं."

रंभाजीरावांना आता तिचाही संशय आला. "तो तुझा कोण लागतो?"

"ना दीर, ना मेहुणा! माझा नका धरू विश्वास, जासुदाला विचारा."

जासुदाला बोलावले. "भांडे काठोकाठ होते काय?"

"काठोकाठ? तिन्ही वेळा वाहत होतं की!"

"मग बोलला का नाहीस?"

"आकडा सांग म्हणालात, आकडा सांगितला. बाकीचं कुणी विचारलंच नाही."

रंभाजीरावांनी हुकूम फाडला आणि स्वतः धावत जाऊन नगारा वाजवला. म्हातारीकोतारी, लेकरे, गुरे वर नेता नेता दिवस मावळला; मडक्यांना कोणाचे हात उरले नाहीत. पहाटे नदी आळीत शिरली. माणूस एकही गेले नाही, पण कुंभारणीची सगळी भट्टी वाहून गेली.

रंभाजीरावांनी तिची भट्टी स्वखर्चाने उभी करून दिली. घाटावर तीस अंगुळे उंचीचे भांडे गेले. मोजणीदार आपल्या जागी राहिला, आणि तेव्हापासून जासुदाला आकड्याआधी 'तू काय पाहिलेस?' हे विचारले जाऊ लागले.

तात्पर्य एवढेच, की मोजणाऱ्यावर संशय घेण्याआधी आपण त्याच्या हाती दिलेले माप तपासावे.