गुरुजींच्या हातचा काढा

एकदा एका वृद्ध वैद्यराजांकडे निळकंठ नावाचा शिष्य विद्या शिकायला येऊन राहिला. मुलगा मोठा गुणी. पण सहा महिन्यांतच त्याच्या पोटात अशी जळजळ सुरू झाली की विचारू नका! बिचाऱ्याने मिरची, चिंच, वांगं एकदमच सोडलं, वर सोमवारही धरले. बरगड्या दिसू लागल्या, जळजळ मात्र जागची हलेना. शेवटी त्याने गाठोडं बांधलं.

"गुरुजी, ज्याला स्वतःचं पोट कळत नाही, त्याने लोकांच्या नाड्या कशाला धरायच्या? मी घरी जातो."

वैद्यराजांच्या काळजात चर्र झालं. मूलबाळ नसलेल्या त्या म्हाताऱ्याची सारी विद्या याच पोराच्या भरवशावर होती. "जाशील रे," ते म्हणाले, "पंधरा दिवस थांब."

पहिले पाच दिवस त्यांनी त्याला भरीत, ठेचा, चिंचेचं सार, सगळं खाऊ घातलं. जळजळ वाढली नाही, कमीही झाली नाही. सहाव्या दिवशी मात्र आक्रीत घडलं. तो आल्यापासून रोज सकाळी गुरुजी स्वतः सुंठ-मिरीचा काढा करून त्याला अनशापोटी देत. त्या दिवशी त्याने हात पुढे केला, तर त्यांनी पेला अंगणात ओतून दिला. पुढचे पाच दिवसही जेवण तेच, पण काढा नाही. आपलं काय चुकलं, म्हणून पोर मनोमन रडलं. पण पोट निवलं! मग एका सकाळी काढा पुन्हा हाती आला, आणि दुसऱ्याच दिवशी जळजळही परतली.

"गुरुजी, तुमचा काढा?" पोटावर हात ठेवून त्याने विचारलं.

"माझाच रे, वेड्या," तपकिरीची चिमूट ओढत, शिंकत वैद्यराज म्हणाले. "मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून करून पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि शरीर काय सांगतं ते ऐकावं. तू सगळ्यांवर संशय घेतलास, एक मला तेवढं वगळलंस. अरे, मी मायेने दिली म्हणून मिरी थंड होते का?"

निळकंठाने डोळे पुसले आणि गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरुजींपुढे हात पसरून उभा राहिला. "गुरुजी, तुमच्या शिंका थांबत नाहीत. पाच दिवस ती तपकिरीची डबी माझ्याकडे द्या. बाकी काही बदलायचं नाही."

म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग गालातल्या गालात हसत डबी शिष्याच्या हातावर ठेवली.