तेराव्यापर्यंत लाँच बंद

"तिरडी घराबाहेर निघाली आणि तिकडे धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला! याला काय म्हणायचं, बाबा? सांगा ना, काय म्हणायचं?"

हुसेनबाबांनी चटई पुढे सरकवली. खाडीकाठच्या टेकाडावर एक लहानसा दर्गा आहे. तिथे हा म्हातारा फकीर वर्षानुवर्षं राहत होता, आणि लोक चढून येऊन त्याला काय काय विचारत. आज विचारणारा पुण्याहून आलेला. श्रीरंग बिवलकर, नौदलातले निवृत्त अधिकारी. माणूस लाख मोलाचा, पण डोकं म्हणजे तापलेला तवा. पाणी पडायचाच अवकाश.

"बस तर खरा, बेटा."

"बसायला आलो नाहीये मी!" असं म्हणून बिवलकर बसले. चढणीनं धाप लागली होती, आणि रागानं तर त्याहून जास्त.

गेले होते ते कमांडर अच्युत केळुसकर. युद्धनौकांच्या पोटात, इंजिनांच्या धगीत निम्मं आयुष्य काढलेला इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर गावी आले, तर खाडीवरची लाँच भंगारात निघालेली. हा गृहस्थ बाह्या वर करून तिच्यात उतरला. त्या दिवसापासून लाँच जी सुरू झाली ती सुरूच. परवा सकाळी चहा पिता पिता कमांडर खुर्चीतच गेले. बिवलकर जहाजावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. बापापेक्षा काकणभर जास्तच मानायचे त्यांना.

"लोक आले नव्हते का मातीला?" बाबांनी विचारलं.

"आले होते की! सगळा गाव होता. पलीकडच्या काठावरचे तर लाँचमधून आले आणि लाँचमधूनच परत गेले. लाज नाही वाटली! म्हणे शाळा आहे, म्हणे बाजार आहे. अहो, बाजार काय पळून चालला होता? ज्यानं तुम्हाला लाँच दिली त्याच्यासाठी ती एक दिवस बांधून ठेवता येत नाही? गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, इथे तर वैद्य खरंच मेला हो!"

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"लाँच चालवणाऱ्या त्या तांडेलाला जाब विचारला. तर मलाच तोंड वर करून सांगतो, 'वेळ झाली की सोडायची, साहेबांनीच शिकवलंय.' मला! मी सरांकडे शिकलोय, हा मला सरांचं शिकवणार!"

"मग तू काय केलंस?"

बिवलकरांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत तांब्याची एक बारीक नळी होती. डिझेलचा वास सुटला.

"गावानं जे करायला हवं होतं ते केलं. टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणारी नळी आहे ही. आज सकाळी पहिल्या फेरीच्या आधीच काढून घेतली. आता बसा म्हणावं तेराव्यापर्यंत! मान देणं म्हणजे काय असतं ते कळू दे या कृतघ्नांना."

बाबा नळीकडे पाहत राहिले...

खाली धक्क्यावर गलका वाढला होता. त्यातून आनंदीबाई कोळणीचा आवाज टेकाड चढून वर आला. "अरे, कुणी मेल्यानं काढली ती नळी? टोपलीभर मासळी नासली माझी! किडे पडोत त्याच्या हातात!"

बिवलकरांचे कान लाल झाले.

"ऐकलंत? याला म्हणतात कृतज्ञता! एका टोपलीपुढे माणसाची किंमत नाही!"

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मी खाडीचा माणूस. समुद्र काही मला ठाऊक नाही. तुझे साहेब जहाजावर कसे होते, ते सांग."

हे विचारलं आणि बिवलकरांचा चेहराच पालटला. किती वेळापासून कुणीतरी हे विचारावं म्हणून तो माणूस तळमळत होता!

"काय सांगू, बाबा... भर समुद्रात होतो आम्ही. वायरलेसवर निरोप आला, सरांचे वडील गेले. कप्तान स्वतः खाली इंजिनरूममध्ये उतरला. तो कधी उतरत नाही हो! म्हणाला, 'केळुसकर, दोन मिनिटं इंजिनं मंद करू या. तुमच्या वडिलांच्या मानासाठी.'"

"मग?"

"सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण म्हणाले, 'माझे वडील गेलेत, सर. इंजिनांना काही झालेलं नाही. चालू राहू देत.' आणि पाळी संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मी शेजारी उभा होतो, बाबा. या डोळ्यांनी पाहिलंय! असा माणूस होता तो. आणि या लोकांना त्याची..."

बाबा बघत होते. बिवलकरांचं वाक्य पुढे सरकेना.

"त्याची..."

...

बाबांनी हात पुढे केला. बिवलकरांनी नळी दिली. बाबा उठले, आत गेले आणि पांढऱ्या कापडाचा एक तुकडा घेऊन आले. नळी त्यावर आडवी ठेवली. डावी कड वरून घेतली, उजवी कड वरून घेतली. दोन्ही टोकांना चिंध्यांच्या गाठी मारल्या. सगळं सावकाश, अगदी जपून.

बिवलकरांना ते पाहवेना. "बाबा... हे काय करताय? हे तर कफन बांधल्यासारखं..."

"मय्यत आहे. उघडी कशी ठेवू?"

"मय्यत? काहीतरीच काय! परवा अग्नी दिला आम्ही सरांना. मी स्वतः खांदा दिलाय!"

बाबांनी ते गाठोडं उचललं आणि बिवलकरांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. इतका वेळ थंड असलेला त्यांचा आवाज आता थरथरत होता. म्हातारा संतापला होता.

"परवा लाँच चालू होती, बेटा. तुझे साहेब आज सकाळी गेले."