रोपांची पेटी

"हे उघडतं कुठून?"

केवळनाथांनी पेटीभोवती एक फेरी मारून विचारलं.

"उघडायचं नाहीच, बाबा," यशोधन म्हणाला. "कालच सगळ्या फटींत लांबी भरलीय. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा आत शिरणार नाही."

यशोधन पूर्वी शहरात इमारती बांधायचा. ते सोडून तो सातपुड्यातल्या या मठात केवळनाथांचा शिष्य म्हणून आला होता. या हिवाळ्यात दोनदा दव गोठलं आणि वांग्याची रोपं दोनदा काळी पडली. मठातलं हे पांढऱ्या वांग्याचं बी आसपास कुणाकडेच उरलं नव्हतं. शेवटची मूठ राहिली, ती यशोधननं हट्टानं मागून घेतली.

पाडलेल्या शाळेच्या खिडक्या त्यानं डोक्यावरून वाहून आणल्या. जुन्या विटा रचल्या, मोडक्या बाकांच्या फळ्या ठोकल्या, वर काचा टेकवल्या आणि आत ते बी पेरलं. रोपं बोटभर वाढली. मग थंडीचा कडाका वाढला, आणि त्यानं पेटी बंद करून टाकली.

बाबा पेटीशेजारी तिथंच बसून राहिले…

ऊन चढलं. काचांवर आतून वाफ धरली.

बाबांनी दगड उचलला आणि कोपऱ्यातली काच फोडली.

"बाबा! तीन आठवडे राबलोय मी!"

"हात घाल आत."

यशोधननं रागानंच हात घातला… आणि झटकन मागे घेतला. आत भट्टी झाली होती. त्यानं वाकून पाहिलं. रोपांनी माना टाकल्या होत्या.

तो मटकन खाली बसला.

"मीच मारली."

"सगळी?"

त्यानं मोजली. "नऊ उभी आहेत."

"मग तू का बसलास?"

यशोधन उठला. पटाशीनं सगळी लांबी खरवडून काढली. भंगारातून गंजक्या बिजागऱ्या शोधल्या, तेल घालून मोकळ्या केल्या आणि काचांचं झाकण त्यांवर बसवलं. फुटक्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकला. बोटं सोलवटली, पण तो जेवायलाही उठला नाही.

दिवस मावळताना झाकण हलकेच वर गेलं, खाली आलं. नऊ रोपांवर त्यानं ते अलगद टेकवलं.

"बाबा… आता झाली ना पेटी पुरी?"

केवळनाथांनी झाकणावरून हात फिरवला.

"झाली," ते म्हणाले. "उद्या ऊन येईपर्यंत."