बसलेल्या बाईची वाकळ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे हिवरखोरीच्या ओढ्यावर पूल नव्हता तेव्हा, गावाबाहेरच्या वस्तीत धुरपदा नावाची एक बाई राहत होती. ती वाकळा शिवायची. जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे तुकडे जोडून ती अशी वाकळ करायची की पौषातली थंडी त्या घराचं दार ओळखून पुढं जायची, असं म्हणतात.

देश स्वतंत्र झाला होता. शिवाशिव पाळायची नाही, असा कायदाही झाला होता. पण तो कायदा ओढ्यापर्यंत आला आणि पूल नाही म्हणून पलीकडेच बसून राहिला असावा, कारण गावात सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. धुरपदेची वाकळ गावाला चालायची, धुरपदा चालत नव्हती. बायका लांबूनच तिच्यापुढं जुनेर टाकायच्या, आणि शिवून आलेल्या वाकळेवर पाणी शिंपडून मगच ती घरात घ्यायच्या. धुरपदा बघत राहायची आणि म्हणायची, "शिंपडा बायांनो, शिंपडा. पाण्यानं टाकं उसवत न्हाईत."

तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत होता. तो वारला तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन गावी परतली. पेटीत दागिने असतील असं लोकांना वाटलं. निघाली वर्तमानपत्रांची कात्रणं! चाळीतल्या एका शेजारणीकडून धुरपदा वाचायला शिकली होती, आणि जगात कुठंही कुणी आपल्या हक्कासाठी उभं राहिलं की तेवढी बातमी ती कापून ठेवायची. गाव हसलं. गावाला काय, हसायला कारण लागतंच असं नाही.

आता शाळेचं ऐका. शाळा एका खोलीची. दाराला काळ्या दगडाचा उंबरठा. गावातली पोरं आत बसायची आणि वस्तीतली अकरा पोरं बाहेर ओसरीवर. ओसरीवरून फळा दिसत नाही. मास्तरांचा आवाज यायचा तोही अर्धा. त्या अकरांत हौसा नावाची सात वर्षांची पोर होती. दोन वर्षं ती पहिलीतच होती आणि 'ग'च्या पुढं सरकली नव्हती. तिची आई म्हणाली, "दिवाळीपतुर वाचाया आलं तर ठीक. न्हाईतर शेळ्या राखाया जा." हौसा त्या दिवशी रडत धुरपदेकडे आली.

धुरपदेनं तिचं तोंड पुसलं नाही. म्हणाली, "आधी रडून घे. मग सुई ओवून दे."

वस्तीत पुस्तक नव्हतं, म्हणून धुरपदेनं पुस्तक शिवलं. वाकळ शिवून उरलेल्या चिंध्या शिवणारणीच्या, अशी त्या गावची चाल होती. त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक घराची चिंधी होती, अगदी पाटलांच्या घरचीसुद्धा. तिनं एकेका ठिगळावर कात्रणातलं एकेक माणूस बसवलं आणि त्याखाली पांढऱ्या दोऱ्यानं ठसठशीत अक्षरं काढली. खरी नावं लांब आणि अवघड, म्हणून पोरांना पेलतील अशी नावं तिनंच ठेवली. एका ठिगळावर होती 'दोन लुगड्यांची बाई'. ती पोरींना शिकवायला निघाली की लोक शेण मारायचे, म्हणून ती पिशवीत दुसरं लुगडं घेऊनच घराबाहेर पडायची. एकावर होती 'तळ्याची माणसं', हजारोंनी चालत जाऊन तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलेली. आणि लाल इरकली ठिगळावर होती 'बसलेली बाई'. ती सात समुद्रापलीकडची. मोटारीत गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हणाले, तर ती उठली नाही.

जे अक्षर पाटीवर दोन वर्षांत आलं नाही ते वाकळेवर महिन्याभरात आलं. हौसा बोट फिरवत वाचायची आणि प्रश्न विचारून धुरपदेचा जीव खायची.

"आज्जी, ती उठली न्हाई. मग?"

"मग पोलिसांनी धरून नेली."

"मग?"

"मग बाकीच्यांनी वरीसभर त्या मोटारीत पाय ठिवला न्हाई. चालत गेली माणसं. शेवटी मोटारवालंच शरण आलं."

हौसानं लाल ठिगळावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी निस्तं बसायचं?"

"निस्तं?" धुरपदा म्हणाली. "बसून बघ एकदा. लई जड काम असतंय."

पुढच्या सोमवारी अकरा पोरं ती वाकळ डोक्यावर घेऊन शाळेत आली. त्यांनी ती अंथरली. अर्धी ओसरीवर, अर्धी खोलीत, आणि मध्ये उंबरठा झाकून गेला. अकराही जण वर बसले. हौसा बरोबर उंबरठ्यावर बसली.

पेठकर मास्तर मनाचे वाईट नव्हते, पण पाटलांची भीती त्यांच्या पोटात बारा महिने मुक्कामाला होती. ते म्हणाले, "हौसा, ऊठ."

"न्हाई उठत."

मास्तर तीनदा म्हणाले आणि हौसा तीनदा म्हणाली. तोवर बाबाजी पाटलांना वर्दी गेली होती.

पाटील आले. चार गडी लावले, वाकळ ओढायला. वाकळ हलली नाही. मग दोरखंड बांधून बैल जुंपले. आधी दोन, मग चार, मग सहा. बैलांच्या तोंडाला फेस आला, दोरखंड तुटला, पाटलांचा पटका धुळीत पडला, आणि अकरा पोरं वर बसून मोठमोठ्यानं वाचत होती, असं म्हणतात. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या. पण चिमुकल्या पोरांना उठवायला बैल आणावे लागले, हे तेव्हाच्या माणसांना पटलं होतं.

आणि तेवढ्यात पाटलांची नजर त्या लाल ठिगळावर गेली. ते त्यांच्या आईचं लुगडं होतं. पाटील ओरडले, "आमच्या घरचं कापड ह्या पोरांच्या बुडाखाली? उद्या सकाळी ज्यानं त्यानं आपापलं ठिगळ उसवून न्यायचं! आणि धुरपदे, आजपासून तुला गावात काम न्हाई."

धुरपदा ओसरीच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "ठिगळं न्या की. पण आपलं कंचं, ते आधी वळखा."

पाटलांची चूक तिथंच झाली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव कात्र्या घेऊन आलं, पण पाटलांचं लाल ठिगळ सोडलं तर विटलेल्या चिंध्यांत आपली कुठली ते कुणालाच कळेना. पोरांना ठाऊक होतं. मग पोरांनाच विचारावं लागलं. हौसा म्हणायची, "तुमचं व्हय? तुमचं तळ्याच्या माणसांचं." आणि मग तळ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. गोष्ट पुरी झाल्याशिवाय ती ठिगळ दाखवायचीच नाही. दुपारपर्यंत अर्ध्या गावानं गोष्टी ऐकल्या. कुणी टाका उसवायला घेतला की शेजारचा ओरडायचा, "अरं, माझं निघंल!" कारण वाकळेत एका ठिगळाची शिवण चार ठिगळांत असते. कात्र्या हातात राहिल्या आणि भांडणं आपसात लागली.

शेवटी थोरल्या पाटलीणबाई आल्या, पाटलांची आई. डोळ्यांना कमी दिसत होतं, म्हणून आपलं लुगडं शोधायला त्या वाकळेवरच बसल्या. हौसानं त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं आणि बसलेल्या बाईची गोष्ट सांगितली.

म्हातारी म्हणाली, "परत सांग."

हौसानं परत सांगितली. गाव थांबून राहिलं.

"आई, उसव आणि ऊठ," पाटील म्हणाले.

म्हातारीनं कात्री लेकाच्या पायाशी टाकली. "बाबाजी, ही पोर निदान ओसरीवर तरी बसली. मला तर पोरीची जात म्हणून शाळेनं तिथंबी बसू दिलं न्हाई. आता बसलीया. न्हाई उठत."

काहीजण म्हणतात, तिचे गुडघे धरले होते. म्हणू देत. गुडघे धरले तरी तोंडानं 'न्हाई' म्हणावं लागतं, आणि ते तिनं सगळ्या गावापुढं म्हटलं.

मग पेठकर मास्तरांनी खडू खाली ठेवला, उंबरठ्यापाशी आले, आणि मांडी घालून वाकळेवर बसले. म्हणाले, "हौसा, वाच." हौसानं 'दोन लुगड्यांची बाई'पासून सुरुवात केली. तिची आई भिंतीआडून ऐकत होती. शेळ्या त्या दिवशी उपाशी राहिल्या, असं म्हणतात. अकरा पोरं आत गेली ती आतच राहिली. ओसरी चपलांना उरली.

धुरपदेचं काम पाटलांनी बंद केलं ते केलंच. पण थंडी काही पाटलांची चाकर नव्हती. पौष लागला तशा बायका एकेक करून जुनेर घेऊन वस्तीत आल्या. त्यातल्या काहींनी वाकळ नेल्यावर पाणी शिंपडलंच. एका दिवसात शहाणं होईल ते गाव कसलं! धुरपदा मात्र मरेपर्यंत तेच म्हणत राहिली, पाण्यानं टाकं उसवत न्हाईत. ती आजारी पडली तेव्हा कुणीतरी शाळेतली ती वाकळ तिच्या अंगावर घालायला आणली. तिनं ती बाजूला सारली. "मड्याला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "पोरांखाली घाला." तेच तिचं शेवटचं बोलणं.

आता ओढ्यावर पूल आहे. शाळा दोनदा पडली आणि दोनदा बांधली, पण दोन्ही वेळा गवंड्याला गावानं बजावलं, की दाराला उंबरठा नको. वाकळ ओसरीवरून आता पार अंगणापर्यंत पोचते, कारण दरसाल प्रत्येक घरातून एक चिंधी येते आणि पोरं तिच्यावर नवं माणूस शिवतात. कुणाला शिवायचं यावरून पोरं आठवडाभर भांडतात, आणि भांडायचं म्हणजे त्यांना आधी वाचावं लागतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती वाकळ दारात अंथरतात. पहिलीतलं सगळ्यांत लहान पोर जुन्या उंबरठ्याच्या जागी बसवतात. मग मास्तर समोर येतात आणि दरडावून म्हणतात, "ऊठ!" नवे मास्तर असले तर त्यांना ते म्हणायला जड जातं, पण गाव त्यांना सोडत नाही, तीनदा म्हणायलाच लावतं. पोर घाबरतं, आईकडे बघतं, कधीकधी रडतंसुद्धा. पण बोलतं.

"न्हाई उठत."

तिसऱ्यांदा ते ऐकलं की मास्तर खाली बसतात, त्या पोराच्या शेजारी. मगच घंटा होते.