गोणीतलं आलं

“...मग सांगा बाबा, त्याला उद्या तालमीतून हाकललं, तर माझं काय चुकलं?”

ज्योत्याजी वस्तादांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

माळावरच्या दर्ग्यालगत दस्तगीर फकिराची झोपडी. फकीर दारात बसून तांदूळ निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

“कुणाला?”

“सर्जेरावाला! मघाधरनं काय सांगतोय मी?”

“तुझा पठ्ठा तो.”

“होता. त्याला लंगोट कसायला मी शिकवलं. आता मला म्हणतो, वस्ताद, तुम्ही कट्ट्यावर बसा, पोरांकडनं मेहनत मी करून घेतो.”

“बरी घेतो का?”

वस्तादांनी तांदळातला एक खडा उचलून फेकला.

“बरी घेतो. पण मला न विचारता घेतो. गेल्या महिन्यात तालमीतल्या शंकऱ्याला एक डाव शिकवला. मी कधी न शिकवलेला.”

“मग? शंकऱ्या पडला?”

“जिंकला.”

“अरे बापरे,” फकीर म्हणाला. “मग तर हाकललंच पायजे.”

“चेष्टा नको, बाबा. चाळीस वर्षं ती तालीम माझ्या जिवावर उभी हाय. मी बाजूला झालो, तर महिन्यात कोसळंल. गाव तुमचा शब्द मानतं. तुम्ही एवढंच म्हणा, वस्ताद करतो ते बरोबर. मग कुणी तोंड उघडणार न्हाई.”

“म्हणतो की. त्याआधी माझं एक काम कर.”

फकिरानं बोट दाखवलं. झोपडीच्या भिंतीला टेकून सिमेंटची जुनी गोणी ठेवली होती. अर्धी माती, वर शेणखत. त्यात आलं लावलेलं. पानं हिरवीगार, गुडघ्याच्या वर गेलेली.

“अक्षय्य तृतीयेला आल्याचा एक तुकडा पुरला होता यात. बेणं म्हणून. तो मला काढून दे.”

“सगळं उपटू?”

“उपटू नको. झाड ऱ्हाऊ दे. खालचा जुना तुकडा तेवढा काढ.”

“बाबा, त्या तुकड्यावरच तर झाड उभं हाय. तो काढल्यावर उरतंय काय?”

“काढ.”

“मरंल.”

“मरू दे. माझं हाय.”

वस्ताद जागचे हलले नाहीत.

“चाळीस वर्षं गड्यांच्या माना पिरगाळल्यास,” फकीर म्हणाला. “एवढंसं आलं पिरगाळायला हात कापतोय व्हय?”

वस्ताद ताडकन उठले. गोणीपुढे उकिडवे बसले. बाही वर केली आणि एका बाजूनं माती उकरायला लागले.

पांढरी मुळं लागली. त्यांची जाड बोटं सावकाश चालायला लागली. मुळं चुकवून त्यांनी आणखी माती काढली. आत नवं आलं धरलं होतं. फिकट, गुलाबी टोकांचं. त्याच्या खाली, कडेला, जुना तुकडा. मातीच्याच रंगाचा, सुरकुतलेला.

डाव्या हातानं त्यांनी झाड बुंध्याशी धरलं. उजव्या हातानं तुकडा पिरगाळला.

कट्.

तुकडा सुटून हातात आला. पण डावा हात बुंध्यावरच राहिला.

“सोड,” फकीर म्हणाला.

“पडंल.”

“सोड म्हणतो ना.”

वस्तादांनी एकेक बोट उचललं. शेवटचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग तेही निघालं.

झाड उभं होतं.

माळावरून वारा आला. पानं सळसळली. झाड उभंच होतं...

वस्ताद तळहातावरच्या तुकड्याकडे बघत राहिले. त्यांनी तो दाबून पाहिला. कडक होता. नख लावलं. वास थेट नाकात गेला.

“कुजला न्हाई हा,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला वाटलं, आता नुसतं साल उरलं असंल.”

“नवं मोडून खा जरा.”

त्यांनी नव्या आल्याचं टोक मोडून तोंडात टाकलं.

“पाणचट हाय.”

“कोवळं हाय. चार-पाच महिने लागतील त्याला. आता जुनं चाव.”

वस्तादांनी चावलं आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

“जाळ हाय जाळ!”

फकीर पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.

तेवढ्यात कुंपणाशी शेवंताकाकू येऊन उभी राहिली. खालच्या आळीची.

“बाबा, सून बाळंत झाली. चार दिवस झाले. आल्याचा तुकडा मिळंल का?”

“वस्तादांकडं माग.”

शेवंताकाकूनं वस्तादांपुढे ओंजळ केली. वस्तादांनी गोणीकडे पाहिलं. नवं आलं मातीतून वर डोकावत होतं. एका चिमटीत निघालं असतं.

त्यांनी हातातला जुना तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला.

“हे घे. दाताची खूण हाय, तेवढं कापून टाक. थोडंच घाल, लई तिखट हाय.”

“बरं झालं, दादा. बाळंतिणीला असलंच लागतं.”

ती गेली. वस्ताद रिकामा तळहात बघत बसले.

“बाबा.”

“बोल.”

“मग उद्या सर्जेरावाला काय सांगू?”

“ते तुझं तू बघ,” फकीर म्हणाला. “आधी ती माती ओढून घे. मुळं उघडी टाकून उठू नकोस.”