अप्पासाहेबांच्या घरची फिल्म

फिल्म सोसायटीचे अध्यक्ष अप्पासाहेब रेगे यांनी बैठकीत गावातल्या तांबट आळीवरचा नवा माहितीपट महोत्सवातून काढायला सांगितला. "ना नट, ना मारामारी! दीड तास कोण बघणार?"

तो निवडणाऱ्या सभासद हेमलताबाईंच्या कानातून त्यातला हातोड्यांचा ठेका जात नव्हता. त्या हटल्या नाहीत.

"अप्पासाहेब, लेकीच्या लग्नाची फिल्म तुम्ही येईल त्या पाहुण्याला दाखवता. चांगली चार तासांची."

"मग? सगळे आवडीने बघतात!"

"त्यात नट कोण आहे?"

"अहो बाई, आपली माणसं आहेत त्यात!"

"मग तांबट आळीतली माणसं परक्या गावची का?"

बैठकीत हशा पिकला. अप्पासाहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

"लावा तुमचा माहितीपट. पण आमची फिल्म साडेतीन तासांचीच आहे हं!"